आमच्या टेबलावरचा फाऊल

सौसरच्या क्लबात मला चोर ठरवलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी माफी मागितली नव्हती. आज कोणी माग म्हणालं तरी मागणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला पश्चात्ताप होईल या आशेनं कोणी वाचत बसायला नको.

क्लब म्हणजे एक जुना कौलारू बंगला. इंग्रजांच्या वेळी खाणीवरच्या गोऱ्या साहेबांनी तो बांधला. साहेब गेले, त्यांच्या खुर्च्या गेल्या, भिंतीवरची सांबराची शिंगंसुद्धा कोणीतरी नेली. बिलियर्डचं टेबल तेवढं राहिलं, कारण ते दारातून निघत नव्हतं. मग गावातल्या डॉक्टर-वकिलांनी, व्यापाऱ्यांनी आणि तहसिलीतल्या लोकांनी खेळ शिकून घेतला. शिकवायला कोणी नव्हतंच. थोडं कॅरममधून आणलं, थोडं गोट्यांतून, आणि उरलेलं एकमेकांशी भांडून ठरवलं.

खेळ सोपा आहे. टेबलावर तीन बॉल, दोन पांढरे आणि एक लाल. पांढऱ्यातला एक तुमचा, एक समोरच्याचा. काठीनं आपला बॉल मारून बाकी दोघांना लावायचा, नाहीतर बॉल जाळीत घालायचा. जमलं तर गुण आणि पुन्हा तुमचीच पाळी, हुकलं तर पाळी समोरच्याची. काठीच्या टोकाशिवाय दुसरं काहीही, म्हणजे बाही, बोट, पोट, बॉलला लागलं की फाऊल. फाऊल झाला की पाळी गेली.

आता मुद्दा असा, की फाऊल झाला हे सांगायचं कोणी?

आमच्याकडे उत्तर एकच होतं: ज्याच्याविरुद्ध झाला त्यानं. त्यानं 'फाऊल' म्हटलं की खेळणाऱ्यानं काठी उभी धरून बाजूला व्हायचं. 'कुठं लागला, केव्हा लागला' असं विचारायचं नाही. वाद घालणाऱ्याला आमच्या क्लबात कोणी दुसऱ्यांदा खेळायला बोलवत नसे. आणि फाऊल झालेला समोरच्याला दिसलाच नाही तर? तर आपण बोलायचं नाही. आपण बोललो तर त्याचा अर्थ होतो, 'तुझ्या नाकासमोर झालं अन् तुला दिसलं नाही.' चारचौघांत माणसाला असं सांगतात का? भर बाजारात एखाद्याचं धोतर सुटलं तर आपण ओरडत नाही, गुपचूप त्याच्यापुढे जाऊन उभे राहतो. टेबलावरही तसंच. आपला फाऊल आपल्याला कळला, त्याला दिसला नाही, तर पुढचा फटका जाणूनबुजून वाया घालवायचा. बॉल असा मारायचा की कशालाच लागू नये. पाळी आपोआप त्याच्याकडे जाते. हिशोब चुकता होतो आणि कोणाची मान खाली जात नाही. याला आम्ही 'परत करणं' म्हणायचो. न दिसलेला फाऊल जो परत करत नसे, गिळून टाकत असे, तो आमच्या लेखी सगळ्यात हलका माणूस.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. नव्या माणसाला कोणी समजावूनही सांगत नसे. बसून पाहिलं की महिन्याभरात कळायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सौसरच्या बँकेत पुण्याहून एक मॅनेजर बदलून आले. बुटके, गोल, नीटनेटके, बोलायला गोड. पुण्याच्या कुठल्याशा जिमखान्यात ते बिलियर्ड रीतसर शिकलेले होते. त्यांच्याकडे स्वतःची काठी होती, दोन तुकड्यांची, पेटीत ठेवायची. पहिल्याच दिवशी खेळता खेळता ते ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "फाऊल. माझाच. बोट लागलं."

त्यांच्याशी खेळत होते मोहगावचे जनावरांचे डॉक्टर. त्यांचा चेहरा पडला. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाले, "काय माणूस आहे बे! मी का आंधळा आहे?"

मॅनेजर साहेबांच्या रीतीत खेळणाऱ्यानं आपला फाऊल आपण सांगायचा, आणि समोरच्यानं सांगणं म्हणजे खेळणाऱ्याला लबाड म्हणणं. आमच्यातल्या कोणी त्यांचा फाऊल पकडला की साहेबांचे कान लाल व्हायचे. "मी सांगणारच होतो," असं म्हणायचे. त्यांनी स्वतः सांगितला की आमचे कान लाल. म्हणजे दोन्हीकडची माणसं सरळ, आणि दोन्हीकडे रोज अपमान. कोणी लबाड असता तर सोपं गेलं असतं.

अक्षर चांगलं आणि वेळेला पक्के, म्हणून वर्षाच्या आत साहेब क्लबाचे सेक्रेटरी झाले. आम्हीच केलं. दुसऱ्या कोणाला ते काम नकोच होतं.

आता काकांबद्दल सांगतो. माझे सख्खे काका, बाबांच्या पाठचे. पांढुर्ण्याला आमचा संत्र्यांचा व्यापार, तो काका पाहत. मी तिथल्याच शाळेत शिक्षक होतो. दर रविवारी सकाळचं जेवण उरकून आम्ही दोघं बसनं सौसरला यायचो आणि दिवेलागणीच्या बसनं परत. काकांना सिनेमाचा नाद नव्हता, पानाचा नव्हता. हा एकच शौक. सलग दोन वर्षं क्लबाची संक्रांतीची मॅच त्यांनी जिंकली होती, आणि दोन्ही वेळा हरलेला मी होतो.

त्यातल्या पहिल्या मॅचच्या थोडं आधी मी त्यांना नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसायचं, पण बाजूचं हळूहळू पुसत चाललं होतं. गेलेलं परत येत नाही, म्हणाले डॉक्टर, थेंब टाकत राहा म्हणजे उरलेलं टिकेल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काकांनी माझं मनगट धरलं.

"घरी सांगशील तं याद राख. आन् क्लबात सांगशील तं मी मेलो समज."

मी शब्द दिला.

त्या आजाराची गंमत बघा. नेम धरायला समोरचं दिसलं की पुरतं, त्यामुळे काका खेळायचे पूर्वीसारखेच. बॉल, लाल, जाळी, सगळं सरळ रेषेत लख्ख. पण समोरचा वाकला, त्याची बाही कुठे घासली, ते बाजूला घडायचं, आणि ते काकांसाठी घडतच नव्हतं. हे क्लबात मी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की काका फाऊल म्हणेनासे झालेत. कोणी चकार शब्द काढला नाही. जो तो काकांशी खेळताना आपापला फाऊल परत करायला लागला. डॉक्टर करायचे, वकील करायचे, मीही करायचो. एक लक्षात ठेवा. आम्ही काकांना जिंकू देत नव्हतो. फाऊलचं तेवढं परत, बाकी जीव तोडून खेळायचं. त्या दोन मॅच मी हरलो कारण ते माझ्यापेक्षा चांगले खेळले. मला जिंकायचं होतं, आणि मला जमलं नाही.

तिसऱ्या वर्षीही संक्रांतीच्या स्पर्धेतली शेवटची मॅच काकांची आणि माझीच लागली. त्याआधी मी मॅनेजर साहेबांना हरवलं होतं. दुपारची वेळ, थंडी मरणाची, मी आईनं विणलेला ढगळ स्वेटर घातलेला. चांगली पाळी चालू होती. वाकलो आणि स्वेटरची बाही लाल बॉलला घासली. बॉल जरासा हलला. काका टेबलाच्या पलीकडे, माझ्या पांढऱ्या बॉलकडे टक लावून उभे. मी नेम धरल्यासारखं केलं आणि फटका असा मारला की बॉल रिकाम्या कडेला जाऊन थांबला.

"हुकला लेकाचा!" काका खूश होऊन पुढे आले.

"एक मिनिट," मॅनेजर साहेब खुर्चीतून उठले. "मास्तर, तुमची बाही लाल बॉलला लागली. तुम्ही सांगितलं नाहीत."

डॉक्टर हळूच म्हणाले, "बसा साहेब, बसा. झालं ते. पाळी गेलीच ना त्याची."

"पाळीचा प्रश्नच नाही. वृत्तीचा प्रश्न आहे."

काका काठी टेकवून उभे राहिले. "मले तं काही दिसलं नाही, साहेब. आन् मले नाही दिसलं म्हणजे झालं नाही. आमच्याकडे असंच आहे."

"तेच तर, काका! मी कितीतरी दिवस बघतोय. तुम्ही खेळायला असलात की हे सगळेच लोक..."

पुढचं वाक्य काय येणार ते मला ऐकू आलं होतं. डॉक्टरांनाही आलं असावं, कारण ते एकदम खोकायला लागले. पण साहेब खोकल्यानं थांबणारे नव्हते. म्हणून मी ओरडलो. शाळेत पोरांवर ओरडतो तसा, पोटातून.

"लागला! बाही लागली, मी सांगितलं नाही, आणि पुढेही सांगणार नाही! काय करायचं ते करा!"

साहेबांचं वाक्य राहूनच गेलं. माझं काम झालं होतं.

त्यांनी मला खेळातून बाद केलं. कमिटीसमोर माफी मागेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही, असं ठरलं. कमिटीत डॉक्टर होते, वकील होते. दोघांनी माना खाली घातल्या आणि हात वर केले. त्यांचा मला राग नाही. खरं कारण सांगायचं तर काकांचे डोळे टेबलावर ठेवावे लागले असते, आणि ते त्यांनी केलं नाही, यातच त्यांची दोस्ती आली. साहेब मला बाजूला घेऊन फार प्रेमानं म्हणाले, "अहो, एवढं काय आहे त्यात? चूक झाली म्हणा, विषय संपला. मोठेपणा असतो त्यात."

"साहेब," मी म्हटलं, "मोठेपणा तुमच्याकडेच राहू द्या. मी माफी मागणार नाही."

काकांनी मात्र अशी फुकटची जीत घ्यायला साफ नकार दिला. मग कमिटीनं, ज्यांना मी आधी हरवलं होतं त्या साहेबांनाच माझ्या जागी घेतलं, आणि पुढच्या रविवारी मॅच ठेवली.

मी गेलो. टेबलाला हात लावायला बंदी होती, खिडकीत उभं राहायला नव्हती.

साहेब बुटके, हे मी सांगितलंच. लांबचा बॉल मारायला ते टेबलावर जवळजवळ झोपायचे. पहिल्याच पाळीत उठून म्हणाले, "फाऊल. माझा. पोट लागलं बॉलला."

"बरं," काका म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा. "फाऊल. माझा. बाही."

"दिसलं मले," काका म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं. ते दुसरीकडेच बघत होते.

मग पुन्हा, आणि पुन्हा. काकांचा खेळ बिघडत गेला. ते साहेबांच्या बॉलकडे पाहायचं सोडून साहेबांकडे पाहायला लागले, मान इकडून तिकडे वळवत, बाही शोधत, हात शोधत. आणि तरीही दर वेळी साहेबच आधी बोलायचे. एकदा तर काकांच्या कोपराशेजारी, हातभर अंतरावर बोट लागलं. साहेबांनी फाऊल सांगितला आणि भारावून म्हणाले, "काका, अगदी तुमच्याजवळ झालं, तरी तुम्ही बोलला नाहीत. फार मोठं मन आहे तुमचं."

त्या माणसाच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. म्हणूनच मला त्याचा गळा धरावासा वाटला.

काकांनी काठी टेबलावर आडवी ठेवली. आमच्याकडे त्याचा अर्थ खेळ सोडला. "घ्या साहेब. तुम्हीच जिंकले," एवढं म्हणून ते बाहेर आले. पुढच्या रविवारी मी हाक मारायला गेलो तर म्हणाले, "तू जाय. मले काम आहे." काम काही नव्हतं.

कितीतरी रविवार असेच गेले. एका दुपारी मी दुकानात बसलो होतो. पेट्या भरून झाल्या होत्या, हमाल जेवायला गेले होते. काका एक संत्रं हातात घेऊन उगाच फिरवत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एक इचारू? खरं सांगशील?"

"सांगा ना काका."

"मॅनेजर तिथं किती खेपा बोलला, पाह्यलं ना तू? मले त्यातला एकही दिसला नाही. एकही. म्हणजे तुम्हा लोकाइचेही दिसत नसतील. तुमचे झाले असतील, तुम्ही चूप बसले असाल, आन् मंग परत करत असाल." ते थांबले. "गेल्या दोन वर्सांत तू माह्यासंगं खेळताना जे हुकला, त्यातलं खरं हुकलेलं किती, आन् परत केलेलं किती?"

या माणसाचा हात धरून मी काठी धरायला शिकलो होतो. खरं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते वाईटही नव्हतं. परत केलं ते तुमचंच होतं, काका, दान नव्हतं. तुम्ही जिंकले ते जिंकलेच. पण त्यांच्या हातात थांबलेलं ते संत्रं पाहिलं आणि कळलं, की हे ऐकल्यावर त्यांना एवढंच ऐकू येणार: सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांच्या दोन्ही मॅचमधल्या माझ्या प्रत्येक हुकलेल्या फटक्याखाली ते दया शोधत बसणार. मी त्यांना ओळखत होतो. त्यांनी काठी पुन्हा कधीच उचलली नसती.

"परत?" मी म्हटलं. "एकही नाही केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे गिळले. तुम्हाले दिसत नाही, हे मले एकट्यालेच माहीत होतं. मी फायदा घेतला. साहेब खरंच बोलत होते. चोरी करून राहिलो होतो मी."

काकांनी माझ्या कानाखाली वाजवली. संत्रं खाली पडून पेट्यांमध्ये घरंगळत गेलं. मी शाळेतला शिक्षक, लग्न झालेला माणूस, गाल धरून उभा राहिलो.

"चोरी करत होता," ते म्हणाले. मग जरा वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, "आन् तरी हरला?"

"हो."

"दोन्ही खेपा?"

"दोन्ही खेपा."

ते गादीवर बसले. "मंग तं मी खरंच जिंकलो होतो," असं स्वतःशीच म्हणाले.

रविवारी तेच मला हाक मारायला आले. क्लबात पाय ठेवताच सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर करून टाकलं, की माझा पुतण्या पक्का चोर आहे, त्यानं स्वतः कबूल केलं, आणि चोरी करूनही तो माझ्याकडून दोनदा हरला. डॉक्टर जमिनीकडे पाहत राहिले. वकिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्यांना सगळं कळलं होतं. मॅनेजर साहेब मात्र लगबगीनं आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"शाब्बास, मास्तर! कबूल केलंत. हीच खरी खिलाडूवृत्ती. माफीबिफी काही नको आता."

मी हात सोडवून घेतला. "मागितलीही नाही," मी म्हटलं.

"लाव बे बॉल!" काका ओरडले. "आता पाहतो तू कसा चोरतो ते. आता डोळ्यांत तेल घालून उभा आहो मी."

मी बॉल लावले. थोडा खेळ झाला आणि एका वळणावर माझं बोट त्यांच्या पांढऱ्या बॉलला लागलं. काका समोरच उभे होते, डोळे ताणून, भलतीकडे पाहत. साहेबांना दिसलं. त्यांचं तोंड उघडलं. मी वाकलेलाच होतो, तिथूनच मान वर करून सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढली नाही. मग त्यांच्या देखत सावकाश, लाल बॉल समोर असताना, काठी दुसरीकडे वळवली आणि बॉल रिकाम्या कडेला मारला. साहेबांनी त्या बॉलकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे. तोंड मिटून ते खाली बसले.

काका खदखदून हसले. "पाह्यलं का साहेब? चोराले नेमही धरता येत नाही!" असं म्हणत ते काठीला चॉक लावत पुढे आले.